उलटे कलम

सकाळी सात वाजता भिकाजीपंतांनी शिडीवर उभे राहून कलम तोडले आणि कुंडी दोरीने खाली सोडली. सावित्रीबाईंनी ती धरून आत पाहिले. कुंडीत बोटभर खुंट होता. बाकी काही नव्हते.

"अहो, यातलं झाड कुठाय?"

पंतांनी वर पाहिले. झाड होते. ते शेजारच्या दमयंतीवहिनींच्या हापूसवर होते.

पंत रत्नागिरीच्या कोर्टातले नाझर. पेन्शन झाल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हते आणि त्याचे परिणाम घर भोगत होते. त्यांनी साबण केला. त्याने कपड्यांचा रंग गेला, मळ राहिला. शाई केली, तिला मुंग्या लागल्या. वेताची खुर्ची विणली. तिच्यात बसलेल्या पाहुण्याला दोघांनी ओढून काढावे लागे. मग १९२६ साली शेतकी खात्याची एक पुस्तिका हाती पडली आणि पंत आंब्याकडे वळले.

रीत सोपी होती. रायवळ आंब्याचा बाठा कुंडीत रुजवायचा. रोप वर्षाचे झाले की कुंडी हापूसच्या फांदीला टांगायची. दोघांची साल थोडी तासून एकमेकांना भिडवायची आणि केळीच्या सोपाच्या पट्टीने घट्ट बांधायची. पावसाळ्यात जोड धरतो. मग रोपाचा शेंडा जोडाच्या वर कापायचा, हापूसची फांदी जोडाच्या खाली, की कुंडीतून हापूस घरी येतो. पंतांनी बाठा आणला तो देवळामागच्या झाडाचा. त्याचा आंबा इतका आंबट की खाली पडलेला गुरेही हुंगून सोडीत.

पंतांच्या आवारात हापूस नव्हता. विहीरही नव्हती. दोन्ही दगडी गडग्यापलीकडे, वहिनींकडे. विधवा बाई, जिभेने तिखट. विहिरीवरची फांदी द्यायला त्या तयार झाल्या, पण एका अटीवर.

"पंत, शेंडा काय तो घ्या. फांदी वीतभरही तुटलेली चालायची नाही."

तीस वर्षे कोर्टात काढलेल्या माणसाला अट म्हणजे अट. शिडीवर पंतांनी हिशेब केला. फांदी जोडाखाली कापली तर हातभर जाते. वर कापली तर शेंडाच जातो. त्यांनी शेंडा कापला. मग कुंडी सुटेना, म्हणून रोप जोडाखाली कापले. अट तंतोतंत पाळली गेली. हापूसच्या फांदीच्या टोकाला आता रायवळ डुलत होता.

"फांदी उलट भरलीच की हो," वहिनी ओटीवरून म्हणाल्या.

"पाळली ना अट?" पंत म्हणाले आणि उतरले.

घरात येताच सावित्रीबाईंनी त्यांना अडवले. "आत्ताच्या आत्ता जाऊन तो शेंडा कापून या."

"परवानगीशिवाय? गुन्हा होतो तो."

"मग परवानगी मागा."

"आणि कारण काय सांगू?"

परवानगी कोणीच मागितली नाही. पलीकडच्या सोनूबाईने एकदा वहिनींचे लिंबू न विचारता तोडले होते. तेव्हापासून ती देवळाच्या विहिरीवरून, घाटी चढून पाणी आणत होती. सावित्रीबाईंचे गुडघे त्या घाटीला पुरणार नव्हते. त्या रोज त्याच फांदीखाली, मान वर न करता पाणी काढू लागल्या. वहिनींकडे आमसुले जाऊ लागली, कुळथाचे पीठ जाऊ लागले, पोह्याचे पापड गेले. वहिनी सगळे ठेवून घेत. कशाबद्दल, हे कधी विचारत नसत.

तिसऱ्या वर्षी त्या शेंड्याला मोहोर आला. बाकी झाडावर बेताचाच; इथे घोसच्या घोस. वैशाखात फळे भरली, मोठी, गुबगुबीत, गालावर लाली आलेली. आणि गिरगावहून वहिनींचे दीर भास्करराव यायची वेळ झाली. ते दरवर्षी येत, आपल्या वाट्याचे आंबे नेत आणि जाताना कशावरून तरी दाव्याची धमकी देऊन जात.

सावित्रीबाईंचा धीर सुटला. दिरांनी पहिला आंबा चाखायच्या आत आपणच सांगितलेले बरे, असे ठरवून त्या विहिरीवर गेल्या.

"वहिनी, ह्यांच्या हातून चूक झाली. त्या शेंड्याला हापूस नाही. रायवळ आहे."

दमयंतीवहिनी रहाट ओढत राहिल्या.

"अगो, ते मला पंत शिडीवरून उतरायच्या आधीच कळलं. मला आंब्याचं पान ओळखता येत नाही होय?"

"मग बोलला नाहीत ते?"

"बोलले असते तर पंतांनी कापून टाकलं असतं." वहिनींनी पोहरा कट्ट्यावर ठेवला. "वाटणीत हे झाड फांद्यांनी वाटलंय. उगवतीकडचं माझं, विहिरीकडचं भाऊजींचं. माझ्या फांदीला मी कोणाला हात लावू देईन असं वाटलं तुला?"

सावित्रीबाईंनी मान वर करून फांदीकडे पाहिले.

"फांदी तुटलेली दिसली तर भाऊजी माझ्यावर दावा लावतील. आंबट झाली तर कोणावर लावतील? देवावर?"

"पण त्यांना फळ बघून कळेल की."

"त्यांना? जन्म गिरगावात गेला. त्यांनी आंबा वाटीतच पाहिलाय." वहिनींनी सावित्रीबाईंची घागर स्वतः भरून दिली. "पंतांना विचार, त्या बाजूला अजून तीन फांद्या आहेत. जमेल ना?"

पंतांनी हा निरोप बायकोकडून दोनदा वदवून घेतला. आजवर त्यांना दुसऱ्यांदा करा असे कोणी म्हटले नव्हते.

भास्करराव काल दुपारच्या बोटीने उतरले. विहिरीकडचे आंबे त्यांनी स्वतः उभे राहून उतरवले. वहिनींच्या बाजूपेक्षा आपल्याकडची फळे देखणी निघाली, हे त्यांनी आल्यागेल्याला सांगितले. आंबे पेंढ्यात घातले आहेत. अढी अजून पिकलेली नाही.