परवलीचे कोंबडे

क्रिसांतोची जन्माची पुंजी चोराने लुटली. पण ते मनावर घेऊ नका. तसं काही झालंच नाही.

झालं ते एवढंच, की फिलिपिन्समधल्या बाकोलोदच्या भर दुपारी क्रिसांतो फोन कानाला लावून परसात झुंजीच्या कोंबड्यांपुढे उकिडवा बसला होता. फोनवर कंपनीचे एक अदबशीर साहेब होते. क्रिसांतोची फोनातली आभासी नाणी, म्हणजेच त्याची होऊ घातलेली भाड्याची तीनचाकी ट्रायसिकल, संध्याकाळपर्यंत गोठणार होती. वाचवायची तर बारा गुप्त शब्द क्रमाने सांगायचे होते.

कागदावरचं कुणीही चोरतं, म्हणून क्रिसांतोने एकेक शब्द एकेका कोंबड्याच्या पायातल्या पट्टीवर लिहिला होता. बारा खोपटी, बारा कोंबडे, क्रम पक्का. परक्याने हात घातला तर बोट ठेवूनच जाईल.

"पहिला, शिडी," तो वाचू लागला. "दुसरा, लिंबू. तिसरा... थांबा हं, साहेब. लुदिविना! तिसरा कुठंय गं?"

"फिएस्टाच्या जेवणाला गेला," बायको चुलीपासून म्हणाली.

"कुणाच्या?"

"आपल्याच. डुकरासाठी ठेवलेले पैसे फोनात घातलेस, वर पंगतभर पाहुणे आणलेस. त्यांना काय नाणी वाढू? पाच कापले. रस्सा तूच तीनदा मागून घेतलास."

"आणि पाय?"

"भाजले. तेही तूच चोखलेस."

"पट्ट्या?"

"चुलीत."

फोनवरचे साहेब काकुळतीला आले. "सर, आठवून तरी बघा. एखादा?"

"छे हो. आठवायचे असते तर कोंबडे कशाला पाळले असते?"

साहेबांची अदब सुटली. "अरे बैला, पाच शब्द खाऊन बसलास! आता मी चोरू काय, कप्पाळ?"

क्रिसांतो टुणकन उठला. "लुदिविना, चोर आहे गं हा! वाचलो!" उरलेल्या सातही कोंबड्यांना तो मूठ-मूठ मका टाकू लागला.

"वाचलास खरा," लुदिविना म्हणाली. "आता तू पैसे कसे काढणार?"

सातव्या कोंबड्याचा मका मुठीतच राहिला. मग क्रिसांतोने खाली बसून त्याच नंबरावर निरोप लिहिला:

"माननीय चोरसाहेब, सदर खात्याचे पाच शब्द अर्जदार व त्याच्या पाहुण्यांनी सेवन केले आहेत. तरी आपल्या कार्यालयास खाते फोडण्यात यश आल्यास, ट्रायसिकलपुरती रक्कम अर्जदारास परत करण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती."