किती, ते आधी सांगा

या मंडळी, अशी जवळ सरका. एका पानाची गोष्ट सांगतो, मन लावून ऐका.

कीर्तनकार रंगनाथबुवांच्या छातीत यंत्राचं हृदय होतं आणि त्यातच औषधांच्या कुप्या. आतला प्रोग्राम जुना, डॉक्टरांची संगणकभाषा नवी. नव्या भाषेतून जुन्या हृदयाला औषधं कशी सोडायला लावायची, ते सांगणारं पान बुवांच्या लेकीनं, कावेरीनं, लिहिलं होतं: ‘हवी तितकी औषधं एकापुढे एक लिहा.’

सकाळी बुवांना धाप लागली. डॉक्टर घरी आले आणि तेच पान उघडून तीन औषधं टाइप करू लागले.

"घाबरतेस काय गं?" बुवा धापा टाकत लेकीला म्हणाले. "आमच्या पखवाजवाल्याला तीनच चरण म्हणून आधी सांगावं लागतं. नाहीतर बडवतच बसतो मेला!"

ते ऐकताच कावेरीच्या लक्षात आलं. औषधं किती, ते आधी सांगायचं वाक्य पानात राहूनच गेलं होतं! आकडा न कळलेलं हृदय थांबणार नव्हतं. मेमरीत उरलेल्या कालच्या नोंदीही औषधं समजून सगळं रक्तात सोडत राहिलं असतं.

"डॉक्टर, थांबा! आधी तीनचा आकडा, मग औषधं!"

डॉक्टरांनी तसं केलं आणि बुवांची धाप हळूहळू कमी झाली. तिनं लगेच पान दुरुस्त केलं, तोच फोन वाजला. दूरच्या एका दवाखान्यानं तेच पान पहाटे वापरलं होतं.

"पेशंट कसा आहे?" कावेरीनं विचारलं.

"गेला," पलीकडून उत्तर आलं.

आता त्या पानावर पहिलंच वाक्य आहे: ‘किती, ते आधी सांगा.’ ते वाचाल तेव्हा त्या अनोळखी माणसाची आठवण काढा, बाबांनो.