भेगाळलेल्या टाचा

फरशी पुसताना तिनं भेगाळलेल्या टाचा मुद्दाम दिसू दिल्या. त्या भेगांसाठी ती महिनाभर अनवाणी फिरली होती. बावीस वर्षांच्या हेरगिरीत ती कधी नर्स झाली, कधी भाजीवाली. एकदाही पकडली गेली नव्हती. आज या घरात ती नवी कामवाली शेवंता होती. हे काम सोपवणारी या घरची लेक कॅनडात होती. तिची म्हातारी आई इथे मुला-सुनेकडे राहायची. “आई फोनवर नेहमी मजेत असल्याचं सांगते. खरं काय ते बघा,” लेकीनं सांगितलं होतं.

तसं सगळं मजेतच दिसत होतं. सूनबाईंनी हसून चहा दिला. तिनं तो संपवला, कप विसळला आणि मांडणीवर इतर कपांच्या रांगेत पालथा घातला.

“अगं, तिथं नको!” दारातून आजी दबक्या आवाजात म्हणाल्या. “इतकी वर्षं कामं करतेस आणि कामवालीचा कप वेगळा असतो, एवढंही ठाऊक नाही?”

टाचा जमल्या होत्या, कपानं घात केला.

आजींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. “सूनबाई बघायच्या आत उचल तो. ओट्याखाली ठेव, माझ्या कपाशेजारी.”