रंगाची पारख

टॅक्सीचा रंग काशीरामला फुकटात पडणार होता. अट एकच: खेडच्या भागोजीशेटनी गाडी खरवडून बघायची आणि खूश व्हायचं.

शेटच्या खेडला तीन टॅक्स्या होत्या. त्या रंगवायला आल्या की काशीरामच्या गाडीचे पैसे रमजान सोडून देणार होता. रमजान नुकताच कुवेतहून परतला होता आणि तिकडचा रंग घेऊन आला होता. दोन डबे एकत्र करून मारायचा. वाळला की काचेसारखा दिसे, आणि ओरखडा म्हणून उठत नसे. तो रंग लागलेली गाडी अख्ख्या रत्नागिरीत एकच, काशीरामची निळी अँबॅसिडर. हातखंब्याच्या तिठ्यावर ती उभी असली की माणसं आधी तिच्यात बघून भांग सारखा करत, मग भाडं विचारत. भाडं ऐकून बरेचजण नुसत्या भांगावर समाधान मानत.

शेट राजापूरला निघाले होते. तिठ्यावर एसटी चहाला पंधरा मिनिटं थांबते, तेवढ्यात बघतो, असा त्यांचा निरोप होता. ते उतरले आणि चहा न घेता थेट गाडीकडे आले, जिथे काशीराम आणि रमजान त्यांची वाट बघत उभे होते. खिशातून चार आण्याचं नाणं काढून त्यांनी बॉनेटवर ओढलं. काही उठलं नाही.

"नाणं झिजलेलं आसंल," शेट म्हणाले, आणि त्यांनी किल्ली काढली.

ते मागच्या दाराशी वाकले होते तेव्हा डोली आली. घोंगडीत एक माणूस होता, दादू त्याचं नाव. वाडीतल्या चौघांनी त्याला पाच मैल कातळावरून पळत आणलं होतं, पाणी प्यायलाही थांबले नव्हते. मागून त्याची बायको राही, अनवाणी.

"मण्यार डसला," पुढचा धापा टाकत म्हणाला. "पहाटे, अंथरुणात."

दादूच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. तो काहीतरी सांगत होता, पण जीभ वळत नव्हती. एसटी राजापूरला चाललेली, आणि तिठ्यावर दुसरी गाडी नव्हती. काशीरामने पलीकडचं दार उघडून त्याला मागच्या सीटवर आडवं करवलं. इथवर त्याचं काही चुकलं नाही.

"सिविल बारा किलोमीटर. वीस मिनटात नेतो, वैनी," तो म्हणाला. मग त्याने शेटकडे पाहिलं. "शेट, मी परत येईस्तवर..."

"माझी एसटी काय तुझ्यासाठी थांबणार हाय?" शेट म्हणाले. "दोन मिनटं. एवढं दार बघतो, मग आणायच्या का नाय ते सांगतो."

"जा तू, काशीराम," रमजान म्हणाला. "शेट येतील परत."

"येणार नाय," शेट म्हणाले. माणूस सरळ होता.

रमजान दुसऱ्यांदा काही बोलला नाही. काशीराम स्टिअरिंगवर बसला, पण गाडी त्याने चालू केली नाही.

"दोनच मिनटं, वैनी."

दोनाची पाच झाली. किल्लीने काही होईना, तसा शेटना चेव चढला. तिठ्यावरची माणसं भोवती जमली आणि जो तो तोड सुचवू लागला. कुणी खिळा आणला. धोंडू पानवाल्याने अडकित्ता पुढे केला. कंडक्टरने घंटी मारली, मग तोही बघायला खाली उतरला.

"दादा, चला ना," राही म्हणाली. "ह्यांचं डोळं मिटतायत."

"झालंच," काशीराम समोर बघत म्हणाला.

राही गर्दीतून पुढे आली. निळ्या दारात तिला आपलाच चेहरा दिसला. तिने त्यावर हात आपटला. कुणी हललं नाही. तिने पुन्हा आपटला, या वेळी मनगट, पूर्ण ताकदीने.

बांगड्या खळकन दारावर फुटल्या. हिरवे तुकडे रस्त्यावर सांडले.

 मग सगळे वाकले, दाराकडे. शेटनी रुमालाने रक्ताचा डाग पुसला, जागेवरून बोट फिरवलं, मान तिरकी करून उन्हात पाहिलं. पुन्हा बोट फिरवलं.

"नाय!" ते म्हणाले. "केसाएवढा नाय. मानलं बुवा तुला, रमजान. तिन्ही आणतो."

चहावाली गंगुबाई लगबगीने आली आणि तुकडे वेचून राहीच्या पदरात टाकू लागली. "फुटल्या म्हणू नको हां, बाय. वाढल्या म्हण."

राही काहीच म्हणाली नव्हती.

काशीरामने गाडी सोडली. बारा किलोमीटर त्याने चौदा मिनिटांत काढले. एवढी त्याने आजवर कधी पळवली नव्हती. सिविलच्या दारात डॉक्टरांनी दादूचा श्वास पाहिला, मग पापणी उचलून पाहिली, मग सोडली.

"थोडं आधी आणायचं," ते म्हणाले.

"थोडं म्हंजी किती?" काशीरामने विचारलं.

डॉक्टर हात धुवायला गेले.

शेटना एसटी मिळाली, खिडकीही. रमजानला तीन गाड्या मिळाल्या आणि त्याने शब्द पाळला, काशीरामकडून पैसा घेतला नाही. दारावर कुठेही खूण नव्हती.

संध्याकाळी वाडीतल्या बायका राहीच्या बांगड्या फोडायला बसल्या, तेव्हा त्या डाव्याच हातात उरल्या होत्या.