डोळ्यातली वाफ

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवलेलं भिंग अलीकडे धुरकट व्हायला लागलं. मी शिंपी माणूस. सुईत दोरा जाईना, तशी चिडचिड वाढली.

"धुकं येतं आणि जातं," मी बायकोला म्हणालो.

"धुकं काय पाहुणा आहे, यायला-जायला?" असं म्हणत ती मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवून डोळ्यात उजेड सोडला.

"भिंग धुरकटतं कधीकधी," त्या म्हणाल्या, "पण एकदा धुरकटलं की तसंच राहतं. तुमचं क्षणापूर्वी स्वच्छ होतं, आता पुन्हा धुरकट दिसतंय." त्यांनी यंत्राची काच पुसली आणि पुन्हा पाहिलं. "आरशावर श्वास सोडावा तसं दिसतंय. तुमचाच श्वास काचेवर येत असेल. जरा रोखून धरा."

मी श्वास रोखला. डोळ्यापुढे धुकं चढलं, उतरलं, पुन्हा चढलं.

"श्वास रोखा म्हटलं ना."

मला बोलता येईना. बायकोने माझ्या छातीवर हात ठेवून पाहिलं. "रोखलाय हो त्यांनी," ती हळूच म्हणाली.

ते ऐकताच डोळ्यातल्या धुक्यानेही श्वास रोखला.