पुसट नंबर

नवऱ्याने टॅक्सीच्या काचेवरचा कॅमेरा, डॅशकॅम, काउंटरवर आपटला. काचेखालचे चार्जर हादरले.

"विकताना काय म्हणालात? समोरच्या गाडीच्या पाटीवरची धूळसुद्धा दिसेल! दाखवा आता नंबर."

दुकानदाराने त्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. दवाखान्यासमोरचा रस्ता पडद्यावर आला. पांढऱ्या पट्ट्यांवरून एक म्हातारा माणूस फाइल काखोटीला मारून चालला होता. डावीकडून लाल गाडी आली. फाइलमधले कागद उडाले. गाडी कॅमेऱ्यासमोरून सुसाट निघून गेली. दुकानदाराने चित्र थांबवलं. पाटीच्या जागी नुसता पांढरा फराटा होता.

बायको मागे उभी होती. टॅक्सी तिची, रोज चालवायची तीच. सासऱ्यांना तिनेच दवाखान्यासमोर उतरवलं होतं. ती गाडी वळवून लावते तोवर ते रस्ता ओलांडायला लागले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पोलीस म्हणाले, नंबर आणा, मग बघू.

"आणि ही!" नवरा तिच्याकडे बोट करून दुकानदाराला म्हणाला, "दोन डोळे असून हिला नंबर वाचता आला नाही!"

तीन दिवस ती हेच ऐकत होती. त्या क्षणी ती गाडीकडे नाही, बाबांकडे धावली होती. हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

"साहेब, चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका," दुकानदार म्हणाला. "या मशीनचं असं आहे. चित्रात बारीकसारीक दिसायला हवं तर रेझोल्यूशन वाढवायचं. पळती गाडी पकडायची तर फ्रेम वाढवायच्या, सेकंदाला साठ. मग एखादं तरी चित्र स्थिर सापडतं. दोन्ही एकदम मिळत नाही, एक निवडावं लागतं. तुमच्या कॅमेऱ्यात मात्र दोन्ही पार तळाला नेलंय."

"हिनेच काहीतरी दाबलं असेल. दिसेल त्या बटणाला हात लावायची सवय आहे हिला."

"अहो, मी त्याला बोटही लावलेलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्हीच तर बसवलात."

दुकानदार बटणं दाबत होता. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "साठवर जातच नाहीये. आतली लेन्स बंद केल्याशिवाय जायचं नाही हे."

"आतली?" तिने विचारलं.

"ही काय." त्याने कॅमेरा उलटा केला. मसुराएवढं काळं भिंग होतं. "ड्रायव्हरकडे तोंड असतं हिचं. मशीनची सगळी ताकद हिलाच दिलीय. मग रस्त्याच्या वाट्याला काय उरणार?"

त्याने दुसरा फोल्डर उघडला. पडद्यावर तिचा चेहरा आला. स्टिअरिंगवर ताल धरून गुणगुणणारी ती. सिग्नलला जांभई देणारी ती. कुठल्याशा दुपारी एकटीच बसून डोळे पुसणारी ती. कानातल्याचा खडासुद्धा मोजता आला असता.

"दोन महिन्यांपूर्वी मोबाइलवरून चालू केलेली दिसते," दुकानदार सहज बोलून गेला आणि त्याने घाईने फोल्डर बंद केला.

कोणाच्या मोबाइलवरून, हे कोणी विचारलं नाही. नवऱ्याचा आवाज खाली आला होता.

"तुझ्या काळजीपोटीच गं. दिवसभर परकी माणसं गाडीत..."

गेल्या महिन्यात त्याने जेवताना विचारलं होतं, काल पुढच्या सीटवर कोण होता, फार हसत होतीस? कोणीतरी चहाडी केली असेल, असं समजून तिने तो घास तसाच गिळला होता. चहाडी या भिंगाने केली होती, हे तिला आता कळलं.

"आतली बंद करू ना, ताई?" दुकानदाराने हळूच विचारलं.

"करा. आणि साठवर ठेवा."

कॅमेरा पर्समध्ये टाकून ती दाराशी गेली. नवरा अजून काउंटरपाशीच खिळला होता. अकरा वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"चल," ती म्हणाली. "बाबा रोज विचारतात, नंबर सापडला का. आज तू सांग त्यांना, का सापडला नाही ते."