मागच्या खोलीतलं नेट

ड्रिल सुरू व्हायच्या आधी तिने नवऱ्याच्या तोंडावर मलमलचा तुकडा टाकला. स्टुलावर चढलेला नेटवाला होता तिथेच थांबला.

"काकू, अहो, हे…"

"धुळीसाठी टाकलंय," ती म्हणाली. "जिवंत आहेत. तुम्ही करा तुमचं."

दाराच्या चौकटीवर भोक पडलं. विटेचा लाल भुगा खाली सांडला. नेटवाल्याने हॉलमधल्या जुन्या राऊटरपासून आणलेली वायर भोकातून आत ओढून घेतली. तिने कापड काढून झटकलं आणि नवऱ्याच्या कपाळावर उडालेला भुगा बोटाने टिपला. पक्षाघाताने त्याचं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. उरले होते ते डोळे आणि डाव्या हाताची बोटं. जन्मभर शिंपीकाम केलेली ती बोटं दिवसभर पांघरुणाची कड चाचपत असायची.

"भिंत बघा केवढी जाड," नेटवाला म्हणाला. "हॉलमधलं नेट इथवर पोचणार कसं?"

"टिल्लूही तेच म्हणतो."

टिल्लू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला बाप्या होता आणि विमानाने जावं लागेल अशा गावी कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला. शेजारपाजारी ती कौतुकाने सांगायची, एक रविवार चुकवत नाही हो.

कॉल मात्र धड पुरा होत नसे. चहापाणी, तब्येतपाणी, सूनबाईची चौकशी इथपर्यंत सगळं सुरळीत. मग 'कधी येतोस' या मुद्द्याला तिने हात घातला की टिल्लूचं चित्र थिजायचं आणि फोन कट व्हायचा. थोड्या वेळाने मेसेज यायचा, नेट गेलं गं आई, पुढच्या रविवारी बोलू.

"कामाचं बोलायला जावं तर नेमका तेव्हाच दगा देतं," ती म्हणाली.

"सगळ्यांची हीच रड असते, काकू."

उपायही टिल्लूनेच सांगितला होता. "आई, बाबांच्या खोलीत दुसरा राऊटर लागेल. तू काही करू नकोस, मी आलो की बसवतो." त्यालाही बरेच महिने झाले.

मग परवा डॉक्टर तपासून गेले. जाताना स्कूटरपाशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या. आता उशीर नको." मधल्या वारी टिल्लू फोन उचलत नसे, ऑफिसात असायचा. आणि असली गोष्ट लिहून कशी कळवायची? ती समोर बघून सांगायची असते. म्हणून तिने नेटवाल्याच्या हातापाया पडून त्याला रविवारी सकाळी बोलावलं होतं.

त्याने नवा राऊटर पलंगासमोरच्या कपाटावर ठेवला, वायर खोचली आणि लॅपटॉप उघडून बसला.

"नाव आणि पासवर्ड जुनाच दिलाय. फोन हॉलमधून इथे आणलात की आपोआप हा पकडेल. फक्त याचं पत्ते वाटायचं काम बंद केलंय."

"पत्ते? नेटवर जुगार चालतो की काय?"

"तसले पत्ते नाहीत हो. घरातल्या प्रत्येक फोनला एक पत्ता द्यावा लागतो. ते काम हॉलमधला करतो. एका घरात दोन कारभारी झाले की सगळाच गोंधळ."

"आमच्याकडे कारभारी एकच," ती म्हणाली, "आणि ती मी." बऱ्याच दिवसांनी तिला हसू आलं. नवऱ्याचे डोळेही जरा चमकल्यासारखे वाटले.

नेटवाल्याने फोनवर एक सिनेमा लावून दाखवला. कुठे न अडखळता चालला. "आता अडकलं तर माझं नाव बदला," म्हणून तो गेला.

तिने नवऱ्याचं तोंड पुसलं, दाढी केली, त्याने स्वतः शिवलेला निळा शर्ट त्याला चढवला आणि पाठीशी दोन उशा दिल्या. मग फोन दोघांना दिसेल असा धरून पलंगाच्या कडेवर बसली.

कॉल आला. इतकं लख्ख चित्र तिने कधी पाहिलं नव्हतं. टिल्लूच्या हनुवटीवर ब्लेड लागलेलंसुद्धा दिसत होतं.

"अगं आई, आज एवढी स्पष्ट कशी दिसतेयस?"

"दुसरा राऊटर बसवून घेतला. तू म्हणाला होतास ना?"

टिल्लूने हनुवटीवरचा काप चाचपला. "मी आल्यावर बसवला असता की. कशाला दगदग केलीस?"

"दगदग कसली. हे बघ, बाबा बघ."

"बाबा, बरे आहात ना?"

नवऱ्याची बोटं पांघरुणावरून उचलली गेली, पडद्याच्या दिशेने थरथरली. तिने घसा खाकरला. आज पाल्हाळ लावायचा नाही, असं तिने ठरवलंच होतं.

"टिल्लू, ऐक. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. एकदा येऊन जा रे. तुझ्यासाठीच थांबलेत ते."

टिल्लूने काही बोलायला तोंड अर्धं उघडलं. एक हात वर आला. आणि चित्र थिजलं.

"टिल्लू? ऐकू येतंय का रे?"

कपाटावरच्या राऊटरचे हिरवे दिवे चालू होते. नवरा पडद्यावरून नजर काढत नव्हता.

"अडकलं हो," ती त्याला म्हणाली. "नवीन आहे ना. येईल आत्ता."

थिजलेल्या टिल्लूच्या पाठीमागे दार हळूच उघडलं. सूनबाई चवड्यांवर चालत आत आली, खुर्चीवरचा टॉवेल उचलला, आणि जराही आवाज न करता तशीच बाहेर गेली.